पेडण्याहून वेर्ण्याला

विर्नोडा, पेडणे
२२ सप्टेंबर २०२४

चि. पल्लवी,

आधी 'चि. सौ.' लिहून गेलो. हाताला सवय. तो कागद बाजूला ठेवून हा दुसरा घेतला.

फोन तू उचलत नाहीस. त्याचा राग नाही. उचललास तरी मला फोनवर काही बोलता येत नाही. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी डोक्यावर घेऊन बाबांनी अख्खी नोकरी केली, म्हणून घरातही गप्प असतात, असं देवेश म्हणायचा. तू तेव्हा तोंडाला पदर लावून हसायचीस. मला ते दिसायचं.

तुझा कुठ्ठाळीचा पत्ता मयेत, तुझ्या माहेरी मिळाला. शांताबाईंवर रागावू नकोस, तुझ्या आईने तो आपणहून दिला नाही. पदेराच्या भट्टीतल्या गरम पोयी घेऊन गेलो होतो. त्या पार थंड झाल्या तरी मी दारापुढच्या बाल्कांवातून उठलो नाही. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "व्याही, तुमी जेवल्याबगर वचचे नाय, आनी पत्तो घेतल्याबगर तर मुळीच वचचे नाय, अशें दिसता." मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, तुझ्या कंपनीची लॅब वेर्ण्याहून गुजरातेत वापीला हलतेय. तुला बरोबर चल म्हणून विचारलंय. मार्चपर्यंत तुझा होकार किंवा नकार हवा. जी माणसं इथेच राहतील त्यांना वेर्ण्याच्याच दुसऱ्या विभागात घेतील.

दुसरी, तू त्यांना म्हणालीस की पेडण्याहून सकाळी वेळेवर वेर्ण्याला पोचवणारी आगगाडी असती तर मी कुठेच गेले नसते. लेकीला, बायेला आजीआजोबांकडे ठेवून कामावर गेले असते. मी शांताबाईंना हे पुन्हा म्हणायला लावलं. तू खरंच 'आजीआजोबा' म्हणालीस का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, होय, दोघांचंही नाव घेतलं.

रस्त्याने ये-जा कर असं मी तुला मरेपर्यंत सांगणार नाही. धारगळच्या वळणावरून मी इतकी वर्षं बस नेली, कधी ओरखडा आला नाही. माझा मुलगा त्याच वळणावर सकाळच्या पाळीला जाताना ट्रकखाली गेला. आता पणजीला जायचं झालं तर मी त्या जागी डोळे मिटून घेतो.

आणि तुझी सासू, चंद्रभागा, बाराव्याला जे बोलली ते सगळ्या वाड्याने ऐकलं. वेर्ण्याची नोकरी तूच त्याला पाहून दिलीस, म्हणून तूच त्याला मारलंस, असं. ते शब्द तिने अजून परत घेतलेले नाहीत. मी तिच्या वतीने घेऊ शकत नाही. एवढंच सांगतो, वाड्यावरून कुणाची मोटरसायकल गेली की ती हातातलं सोडून दारात येते आणि आवाज विरेपर्यंत तिथेच उभी राहते.

आता मुख्य गोष्ट. तुयेच्या कारखान्यातला प्रशांत तुला आठवत असेल, देवेशबरोबर क्रिकेट खेळायचा तो. त्याने प्रवाशांची समिती काढली आहे. आपल्या पेडण्यावरून दिवसभर गाड्या धावतात. दिल्लीच्या, मुंबईच्या, केरळच्या. पेडण्याच्या माणसाला केरळात जाता येतं, पण सकाळी कामाला वेर्ण्याला जाता येत नाही. सावंतवाडी ते मडगाव सकाळ-संध्याकाळ साधी पॅसेंजर सोडा, एवढीच मागणी आहे. सावंतवाडी, पेडणे, थिवी, करमळी, वेर्णे, मडगाव. मी समितीत गेलो. माझ्याबरोबर बस चालवणारा रामचंद्र तिठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "निवृत्ती, बशीचो ड्रायव्हर आनी हातात रेल्वेचो झेंडो?" म्हटलं, होय.

तू होकार द्यायची घाई करू नकोस. गाडी येणार आहे.

तुझा,
बाबा


विर्नोडा
१९ ऑक्टोबर

चि. पल्लवी,

तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पोचलं.

काल आम्ही पणजीला गेलो होतो. प्रशांत, मी आणि समितीची आणखी काही माणसं. रेल्वेचा एक साहेब आला होता. वयाने देवेशपेक्षा थोडा मोठा असेल. ऐकून घेणारा माणूस. त्याने आधीच सांगितलं, रूळ एकेरी आहे, लांबच्या गाड्यांना आधी वाट द्यावी लागते, मधेच एक छोटी गाडी घुसवायची तर ती प्रत्येक ठिकाणी बाजूला काढून उभी करावी लागेल. प्रशांतने तुये, धारगळ आणि वेर्ण्याच्या कारखान्यांबद्दल सांगितलं. कोल्हापूर-बेळगावकडची मुलं इथे खोल्या करून राहतात, सिंधुदुर्गातले लोक रोज हद्द ओलांडून येतात, ते सगळे मोटरसायकलवर असतात. छान बोलला.

मग साहेबाने विचारलं, "पण रोज नक्की बसेल कोण? सही सगळे करतात. बसेल कोण?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि मी उभा राहिलो. "माझी सून बसेल," म्हटलं.

लोक हसले. साहेब हसला नाही. म्हणाला, "काका, एका सुनेसाठी गाडी सोडता येत नाही."

"तिचा नवरा मोटरसायकलने जात होता," मी म्हटलं. कुणीतरी माझ्यासाठी कदेल पुढे सरकवली आणि मी बसलो.

निघताना साहेब प्रशांतला म्हणाला की तीन महिन्यांसाठी प्रायोगिक गाडी सोडण्याचा विचार वर चालू आहे, बहुतेक डिसेंबरपासून. पल्लवी, हे पक्कं समज. मी तिठ्यावर सगळ्यांना पक्कं म्हणूनच सांगितलं आहे.

चंद्रभागेला मी तुला पत्रं लिहितो हे माहीत नाही. पोस्टात जाताना भाजी आणायला चाललो असं सांगतो, त्यामुळे घरात भाजी फार झाली आहे.

बायेला पडसं झालं होतं असं शांताबाई म्हणाल्या. बरं वाटलं का तिला?

बाबा


विर्नोडा
३ डिसेंबर

चि. पल्लवी,

गाडी सुटली! काल पहिला दिवस. सावंतवाडीहून येतानाच हारांनी भरून आली होती. पेडण्याला ढोल, नारळ, दोन पक्षांचे दोन फलक. मी वेर्ण्यापर्यंत गेलो. डबे स्वच्छ आहेत, बसायला मोकळी जागा आहे, जनेलाजवळ बसलं तर वारा लागतो. करमळीच्या अलीकडे मांडवी लागली तेव्हा वाटलं, या नदीवरच्या पुलावरून मी किती वेळा गेलो, पण नदीकडे बघायची सवड आजच मिळाली. तुला इथे बसून डबा खाता येईल, डुलकी काढता येईल.

पोचायला थोडा उशीर झाला. पहिल्या दिवशी हारतुऱ्यात वेळ जाणारच. थिवीला एक एक्सप्रेस पुढे काढली तेव्हाही जरा थांबलो. हे काही रोज होणार नाही.

काल घरी आल्यावर मी चंद्रभागेला सगळं सांगितलं. पत्रांचंही. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"ती येतली?" तिने विचारलं.

"येतली असा माका वाटता."

"माका बघूक ती येवची नाय."

"तुका नाय, गाडयेक बघून येतली."

मग कितीतरी वेळ सुपात तांदूळ फिरत राहिले. आज सकाळी पाहतो तर देवेशची खोली उघडी. गाद्या उन्हात टाकलेल्या. बायेसाठी खाटेला एका बाजूने फळी लावायला सुताराला बोलावणं गेलेलं.

तू ये. सोमवारपासून ये. नाही पटलं तर परत जा, कुणी अडवणार नाही. कुठ्ठाळीची खोली लगेच सोडू नकोस, असूदे. पण एकदा येऊन बघ. बायेला मी रोज संध्याकाळी स्टेशनवर आणीन. तू उतरशील तेव्हा ती समोर दिसेल.

बाबा


विर्नोडा
१४ जानेवारी २०२५

चि. पल्लवी,

घर पुन्हा गप्प झालं आहे. फळी लावलेली खाट तशीच आहे. सुताराला ती काढू दिली नाही.

तू इथे राहिलीस त्या दिवसांबद्दल मी तुला काय सांगणार, तू होतीसच. तू आणि चंद्रभागा आधी बायेमार्फत बोलायचात. "आजीला सांग मीठ कमी आहे." "आईला सांग मीठ मेजावर आसा." मग एका रविवारी मी बाहेरून आलो तर तुम्ही दोघी एकाच पाटावर बसून नारळ खोवत होतात आणि कुणाच्यातरी लग्नातली साडी कशी होती यावर भांडत होतात. मी आत आलोच नाही, मागल्या दाराने विहिरीकडे गेलो आणि तिथे बसून राहिलो.

गाडीचं वागणं मात्र तू सोसलंस. थिवीला उभी, करमळीला उभी, कधी सिग्नलच नाही. पहिल्याच दिवशी ती अशीच रखडली होती आणि मी ते हारांवर ढकललं, कारण तू यावीस एवढंच मला दिसत होतं. वेर्ण्याला तुझं हजेरीचं बोट मशीनवर उशिरा पडायचं. पहिल्यांदा समज मिळाली, मग दोनदा कागद मिळाला, हे तू मला सांगितलंस, तिला नाही. तरी तू सकाळी निघताना 'येते' म्हणायचीस.

पण त्या शुक्रवारच्या संध्याकाळी तू वेर्ण्याला असताना इथे काय घडलं, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. तू दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाकडे न बघता गेलीस. म्हणून लिहितो. वाचून मग काय ते ठरव.

मी नेहमीसारखा बायेला घेऊन स्टेशनवर होतो. तिचं अंग सकाळपासून जरा गरम होतं, पण ती येणारच म्हणून हट्ट धरून बसली होती. आधी गाडीला उशीर असल्याचं सांगितलं. मग आणखी उशीर. मग गाडी रद्द. तुझा फोन लागेना. तू नंतर म्हणालीस की बॅटरी संपली होती, ते मला तेव्हा कुठून कळणार? बायेला खांद्यावर टाकून मी घरी आलो. दिवेलागण होत होती. चंद्रभागा अंगणात उभी.

"ती खंय?"

"गाडी रद्द झाली. येतली कशी तरी."

"कशी तरी म्हणजे?"

बायेचं अंग आता चांगलंच तापलं होतं. मी तिला आत नेऊन निजवलं, कपाळावर पट्टी ठेवली आणि बाहेर आलो तर अंगणात कुणी नाही. वहाणा दारातच. मी शेजारच्या दीपाला बायेजवळ बसवलं आणि रस्त्याने धावत सुटलो. हायवेला रस्ता मिळतो त्याच्या थोडं अलीकडे चंद्रभागा सापडली. हातात घरातली टॉर्च. अनवाणी. झपाझप चाललेली. गुडघे धरून जिना चढणारी बाई, मला तिला गाठता येईना.

"खंय चललंस?"

"धारगळाक. तिका हाडूक."

"अगो, ती धारगळाक कित्याक आसतली?"

"त्या दिसा मी घरात बसान रवलंय," ती म्हणाली. "माका कोणी सांगूक नाय. मी भाकरी थापीत रवलंय आनी तो थंयसर रस्त्यार पडलो होतो. आज मी बसाक नाय."

पल्लवी, तो गेल्यापासून एवढं सरळ वाक्य ती माझ्याशी बोलली नव्हती. मी तिला दंडाला धरून, जवळजवळ ओढत मागे आणलं. आम्ही अंगणात पाय ठेवला आणि मागून मोटरसायकलचा उजेड आला. तू मागे बसलेली.

पुढचं तू पाहिलंसच. तिने गाडीच्या दिव्यावर हात आपटले, तुझं मनगट धरून तुला खाली खेचलं आणि ओरडली, "एक गेलो, आता तूय जा!"

तू ऐकलंस 'जा'. तुला वाटलं, पुन्हा घरातून काढलं, पुन्हा सगळ्या वाड्यासमोर. त्या शब्दांचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो असं तुला वाटावं, यासाठी आमच्याकडून तुला आजवर काय मिळालं? पण मी तिच्याबरोबर रस्त्यावर होतो. तिला म्हणायचं होतं, एक गेला, आता तूही जाणार का. ती तुला घालवत नव्हती. ती तुला आणायला निघाली होती.

तुला घेऊन आलेला, तुझ्या कामावरचा तो कोल्हापूरचा सतीश बिचारा अंगणात हेल्मेट धरून उभा होता. मला म्हणाला, "काका, हळूच आणलंय वो मी ताईंना. काटा वर चढूच दिला न्हाई. बाळाला ताप हाय म्हणून ताई रडत हुत्या, मग काय करणार?" मी त्याला पाणी दिलं.

मी चंद्रभागेला म्हटलं, तूच लिही. ती म्हणते, माझ्या हाताने लिहिलेलं ती वाचणार नाही.

बाबा


विर्नोडा
२० फेब्रुवारी

चि. पल्लवी,

गाडी बंद होते आहे. महिनाअखेर शेवटची.

तू गेल्यावर मी स्वस्थ बसलो नाही. गाडी चालू राहिली आणि पुढे सुधारली तर तू परत येशील, एवढंच डोक्यात होतं. माणसं कमी दिसतात म्हणून बंद करतील असं प्रशांतने सांगितलं, तेव्हा मी माणसं गोळा केली. आपल्या भजनी मंडळाला नेलं. पेटी-तबला घेऊन मडगाव आणि परत. रामचंद्र, जो मला हसला होता, तो बायकोसकट आला. देवदर्शनाच्या म्हाताऱ्या नेल्या. सतीश त्याच्या खोलीतल्या सगळ्या कोल्हापूरवाल्यांना सुट्टीच्या दिवशी घेऊन आला, ती पोरं मडगावला भेळ खाऊन परत आली. मी स्वतः रोज जायचो आणि रोज यायचो. तिकीट तपासनीस मला बघून हसायला लागला. डबा भरलेला दिसला की मला वाटायचं, झालं काम.

एक दिवस प्रशांत माझ्या शेजारी येऊन बसला. पेटी वाजत होती. तो कानाशी म्हणाला, "काकानू, गाडी आमी भरतंव, पण तेच्यात कामाक जाणारो एकय माणूस नाय."

खरं होतं. कामावर जाणारी माणसं पहिल्याच महिन्यात मोटरसायकलींवर परत गेली होती. गाडीने उशीर केला तर पगार कापतात, मोटरसायकल तेवढा उशीर करत नाही.

नोटीस लागल्यावर मी एकटाच पणजीला गेलो. तोच साहेब. त्याने मला ओळखलं, चहा मागवला. मी म्हटलं, गाडी वेळेवर सोडून बघा, मग माणसं बघा. तो म्हणाला, "काका, तुम्ही म्हणता ते मलाही कळतं. पण ते माझ्या हातात नाही. दुसरा रूळ पडेल तेव्हा."

"कधी पडेल?"

त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग विचारलं, "तुमची सून बसायची का गाडीत?"

"बसायची."

"आणि आता?"

पल्लवी, मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो आणि बसस्टँडवर कुठली बस धरायची तेच मला सुचेना. मला! कंडक्टरने हात धरून पेडण्याच्या बशीत चढवलं.

आता ऐक. मी विचार केला आहे. एक जुनी व्हॅन घेतो, तुला रोज सोडतो आणि आणतो, असं आधी लिहिणार होतो. पण माझं लायसन पुन्हा होत नाही. डॉक्टरने उजव्या डोळ्याला नापास केलं. हे चंद्रभागेलाही ठाऊक नाही. म्हणून दुसरं विचारतो. आम्ही दोघं कुठ्ठाळीला येतो. तुझ्या खोलीशेजारी कुठेही, कसलीही खोली असूदे. या घराला कुलूप लावतो. झाडांना पाणी रामचंद्र घालील. चंद्रभागा बायेला सांभाळील, मी बाजार करीन. तू वेर्ण्यातल्या दुसऱ्या विभागात रहा. वापीला होकार देऊ नकोस. हे मी आधीच का सुचवलं नाही? गाडी तुला इकडे आणेल याचीच वाट बघत बसलो. आपण तिकडे जावं हे डोक्यातच आलं नाही.

मी हात जोडतो. सासरा सुनेपुढे हात जोडत नाही म्हणतात, मी जोडतो. लगेच कळव. फोन केलास तरी चालेल, मी बोलेन.

बाबा


कुठ्ठाळी
४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. उत्तर दिलं नाही, कारण प्रत्येक वेळी लिहायला बसले की मी येते असंच लिहिलं जात होतं, आणि एकदा येऊन पाहिलं होतं.

शेवटचं पत्र मला शनिवारी मिळालं. वापीचा होकार मी शुक्रवारी देऊन बसले होते. ते दोन उशिराचे कागद माझ्या नावावर आहेत, त्यामुळे इथल्या दुसऱ्या विभागाने मला घ्यायला कां कूं केलं. वापीला ते कागद कुणी बघणार नाही. तुम्ही आधी विचारलं असतंत तर, असं मी म्हणणार नाही. मीही तुम्हाला विचारलं नाही.

आईंबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी फार वेळा वाचलं. त्या रात्री त्यांचे पाय मातीने भरलेले होते, ते मी पाहिलं होतं. का, ते विचारलं नाही.

सुरुवातीला माझी आई बरोबर येतेय. सतरा तारखेला मडगावहून आमची गाडी आहे. दुपारी पेडण्यावरून जाते. तिथे थांबत नाही. तुम्ही स्टेशनवर आलात तर मी फलाटाच्या बाजूच्या दारात उभी राहीन. गाडी जोरात असते, तेव्हा पिवळ्या पट्टीच्या मागे उभे रहा, आणि आईंचा हात धरा.

पल्लवी


विर्नोडा
१७ मार्च

चि. पल्लवी,

हे पत्र तुझ्या मागोमाग पोचावं, म्हणून तुझ्या कंपनीच्या वापीच्या पत्त्यावर टाकतो. आता संध्याकाळ आहे. आम्ही स्टेशनवरून येऊन हातपाय धुतले आणि मी लिहायला बसलो.

चंद्रभागा सकाळपासून चुलीशी होती. बायेला आवडतात म्हणून नेवऱ्या केल्या, डबा भरला, वर फडकं बांधलं. मी म्हटलं, "अगो, ती गाडी थांबत नाय." म्हणाली, "माका ठावक आसा." आणि डबा घेऊनच निघाली.

आम्ही फार लवकर गेलो. फलाटावर कुणी नव्हतं. झाडू मारणारी बाई आणि दोन कुत्रे. चंद्रभागेला बाकावर बसवलं तर ती पुन्हा उठून पट्टीशी येऊन उभी राहायची. मी तिचा हात धरला. तू सांगितलंस म्हणून नव्हे, मलाच धरायला काहीतरी हवं होतं. लग्नापासून मी तिचा हात असा चारचौघात धरलेला नव्हता.

मग घोषणा झाली, आणि बोगद्याकडे पाहत उभे राहिलो तर गाडी दुसऱ्याच बाजूने आली. मडगावहून येणारी गाडी मडगावकडून येणार, एवढंही मला कळेना. पहिले डबे तर डोळ्यांसमोरून नुसते सरकून गेले. धूळ, वारा, चंद्रभागेचा पदर माझ्या तोंडावर. माझा उजवा डोळा तर तुला ठाऊक आहेच. मला वाटलं, गेली, चुकली.

आणि तू दिसलीस. दोन्ही हातांनी दांडा धरून, हिरवा ड्रेस, बाहेर वाकलेली. तुझ्या मागे शांताबाईंच्या कडेवर बाय. ती आमच्याकडे बघत नव्हती, कुत्र्यांकडे बघत होती. तू तोंड मोठं करून काहीतरी ओरडलीस. तू आमच्याकडे बघूनच ओरडलीस याची मला शंका नाही. मी हात वर केला. चंद्रभागेचे दोन्ही हात अडकलेले, एक माझ्या हातात आणि एकात डबा. तिने तो डबाच वर धरला, गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत.

नंतर आम्ही बाकावर बसलो. डबा परत नेणार नाही म्हणाली. मग उघडला, झाडूवाल्या बाईला दिल्या, स्टेशनातल्या माणसाला दिल्या, आणि उरलेल्या आम्ही दोघांनी तिथेच बसून खाल्ल्या. गोड झाल्या होत्या. ती खाता खाता रडत होती, आणि रडता रडता आमचं भांडण सुरू झालं.

ती म्हणते, तू 'आई' म्हणालीस. दोनदा म्हणालीस, असं ती शपथ घेऊन सांगते. मी म्हणतो, तू 'येते' म्हणालीस. मी तुझे ओठ पाहिले. ती म्हणते, तुमच्या डोळ्याला काय दिसतं? म्हणजे डोळ्याचंही तिला ठाऊक आहे, कधीपासून कोण जाणे. येताना बशीत तेच, आता स्वयंपाकघरातून तेच चालू आहे.

खरं तर चाकांचा आवाज एवढा होता की आम्हा दोघांनाही काहीच ऐकू आलं नाही.

सामान लागलं, बाय रुळली की लिही. घाई नाही. पण काय म्हणालीस तेवढं मात्र लिही.

बाबा